श्यामरावांच्या अँप्लिफायरची जोडणी

नागपूर, ११ ऑक्टोबर १९९३

ती. वहिनींस, देवरावचा सा. न. वि. वि.

बरेच दिवसांत पत्र नाही म्हणून रागावला असाल. परवा फोन लावला होता, पण तुम्ही 'पत्र लिहा' एवढंच म्हणून खाली ठेवलात. म्हणून लिहितो आहे.

कमलिनी आता बँडमध्ये गिटार वाजवते. तुम्ही तिला शिकवलेली मांडीवरची हवाईयन नव्हे, गळ्यात अडकवायची. २६ डिसेंबरला त्यांचा इथे मोठा कार्यक्रम आहे. तिच्यासाठी मी सिंगापूरहून एक डबा मागवला. पायाने दाबायची बटणं आहेत. प्रतिध्वनी, घुमारा, थरथरणारा आवाज, सगळं त्या एका डब्यात. मल्टी-इफेक्ट म्हणतात त्याला. पण पोरगी म्हणते, हा डबा मोठ्या बाबांच्या, म्हणजे आपल्या श्यामदादाच्या, वॉल्वच्या अँप्लिफायरला जोडला तरच त्याचा उपयोग. दादाने त्याच्या पाठीला तशी दोन सॉकेट काढून ठेवली होती म्हणे.

तो तुमच्याकडे नुसता पडून आहे. एका ओळखीच्या माणसाची मेटॅडोर महिनाअखेरीस भिलाईहून रिकामी परतणार आहे, त्यात आणता येईल. शीलाचा नमस्कार.

आपला,
देवराव

&nbsp;

रिसाली, भिलाई
१७ ऑक्टोबर १९९३

देवराव भाऊजींस, नमस्कार.

फोन ठेवला हे खरं. तेहतीस वर्षं इथल्या पोलाद कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. माणसं फोनवर किती सफाईने खोटं बोलतात ते कानांनी ऐकलेलं आहे. कागदावर निदान हात तरी दुखतो.

'बरेच दिवस' म्हणजे दोन वर्षं दोन महिने. तुमच्या भावाच्या तेराव्याला तुम्ही जेवून गेलात, त्यानंतरचं हे पहिलं पत्र, आणि त्यात मागणी. निदान आडवळण घेतलं नाहीत, तेवढं बरं.

अँप्लिफायर 'नुसता पडून' नाही. तो बंद ठेवलेला आहे. तुम्ही आठ वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली आहेत, तेव्हा हा फरक तुम्हाला समजावा. मशीनमध्ये हात घालायचा तर आधी शटडाउन घ्यायचा आणि खटक्याला टॅग बांधायचा. त्यावर नाव, तारीख. ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा. वरून साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण कुणाचा तरी हात आत असू शकतो. तुमच्या दादांनी कारखान्यातून घरी आणलेलं एकमेव शहाणपण ते हेच. मिक्सर दुरुस्त करतानासुद्धा टॅग बांधत. अँप्लिफायरला त्यांनी ९१ च्या जुलैमध्ये बांधला, दवाखान्यात गेले, आणि तो सोडायला परत आले नाहीत.

बांधणाराच राहिला नाही तर काय करायचं, हे मी जानरावला विचारलं होतं. जानराव म्हणजे त्यांच्या इलेक्ट्रिकल शॉपमधला मदतनीस; आता इथल्या कॅम्प-१ मध्ये दुरुस्तीचं दुकान टाकून बसला आहे. तो म्हणाला, "बाई, तसं झालं का मंग सायेब लोक आंधी झाकण खोलून पायत, कागद करत, अन् मंगच सोडत." मी झाकण उघडलं नाही, कागद केला नाही.

पण कमलिनीसाठी नाही म्हणणार नाही. ती दोन सॉकेट तिच्यासाठीच काढलेली आहेत. असे डबे निघालेत हे तिनेच त्यांना सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "तू डबा आण, दार मी करून ठेवतो." शेवटच्या महिन्यात दुसरं काही केलं नाही त्यांनी. दार केलं, त्यातून कुणी आत आलं नाही. आता येत असेल तर येऊ दे. तो एकदा वाजलेला मला कळू दे, एवढंच मला हवं आहे.

अट एक. टॅग सोडण्याआधी मागचं झाकण उघडा, आत काय आहे आणि काय नाही ते नीट पाहा, आणि मला लिहा. जानराव गोंदियाला मुलीकडे गेला आहे, नाहीतर इथेच उघडून घेतला असता.

वसुंधरा

&nbsp;

नागपूर, ५ नोव्हेंबर १९९३

ती. वहिनींस सा. न.

३१ तारखेला तुमच्याकडून निघालो तो संध्याकाळी सुखरूप पोचलो. रशियन मशीनच्या खोक्यांच्या लाकडाची पेटी, म्हणून जरा धास्ती होती. दादा म्हणायचा, ह्याला उचलायला दोन माणसं अन् एक शिवी लागते. पण मी आणि ड्रायव्हरने सहज उचलला. म्हातारपणी माणूस हलका होतो तशी पेटीही होत असेल.

तुम्ही चहा दिलात, पण तासाभरात चार शब्द बोलला नाहीत. मीही काही दगड नाही, वहिनी. दादाच्या खोलीत पाय ठेवला आणि मला काय झालं ते माझं मला माहीत.

कमलिनी बँडबरोबर तालमीला अमरावतीला गेली आहे, दहा-बारा दिवसांनी येईल. तोवर सगळं जोडून ठेवावं आणि तिला चकित करावं असा बेत आहे. मागे तीन-चार सॉकेट आहेत, सगळी सारखीच. कशात काय घालायचं ते लिहा. झाकण उघडायला चांगला माणूस बघतो आहे.

देवराव

&nbsp;

रिसाली, ९ नोव्हेंबर १९९३

देवराव भाऊजींस, नमस्कार.

नीट वाचा. घाईत वाचायची तुमची सवय मला ठाऊक आहे. आपल्या जुन्या ऑर्केस्ट्रात मी गिटार वाजवायची, आणि निवेदन करताना तुम्ही दोनदा माझ्या नावापुढे 'गायिका' लावलंत.

अँप्लिफायरचे दोन भाग असतात. पहिला आवाजाला स्वभाव देतो, दुसरा त्याला ताकद देतो. डबा पहिल्या भागाच्या आधी लावला तर प्रतिध्वनी आधी तयार होतो, आणि अँप्लिफायर मग त्या प्रतिध्वनीलाच खरखरीत करतो. सगळा चिखल. मीठ भाजी शिजताना घालायचं, कोथिंबीर उतरवल्यावर. शीला समजावेल. म्हणून तुमच्या दादांनी दोन भागांच्या मधोमध तार तोडली आणि दोन्ही टोकं बाहेर आणली.

गिटारची वायर नेहमीप्रमाणे पुढच्या तोंडात. मागे हिरवा ठिपका असलेल्या सॉकेटमधून आवाज बाहेर येतो. तिथून वायर डब्याच्या इनपुटमध्ये. डब्याच्या आउटपुटमधून वायर पिवळ्या ठिपक्यात, म्हणजे आवाज परत आत. डब्यावर आवाजाची चावी असेल ती अगदी खाली ठेवून सुरुवात करा. हिरव्यातून येणारा आवाज नुसत्या गिटारपेक्षा दांडगा असतो, नवा डबा बिथरतो. या पिना आमच्या एक्स्चेंजच्या बोर्डाच्याच जातीच्या आहेत, पूर्ण आत गेल्या की टक् वाजतं. ते ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अट मी दुसऱ्यांदा लिहीत नाही.

आणि खोलीत तुम्हाला काय झालं ते तुमचं तुम्हाला माहीत असेल तर ते तुमच्याजवळच ठेवा. ते दवाखान्यात एकवीस दिवस होते. तुम्ही एकदा आलात, परतीचं तिकीट खिशात घेऊन.

वसुंधरा

&nbsp;

नागपूर, २४ नोव्हेंबर १९९३

ती. वहिनींस सा. न.

दिवाळीची गडबड, म्हणून उशीर. तुम्ही लिहिल्याप्रमाणे हिरवं-पिवळं सगळं जोडलं. काय सांगू, बटण दाबलं आणि लगेच असा आवाज, की शेजारचे गॅलरीत आले. तासभर वाजवला, तरी हात लावून पाहिला तर थंडगार. दादाच्या हाताला तोड नाही. कमलिनी फार खूश आहे. कार्यक्रमाच्या धावपळीत तिला लिहायला सवड नाही, मी तिच्या वतीने लिहितो आहे.

तुमची इच्छा पूर्ण झाली, आता मनात काही ठेवू नये.

देवराव

&nbsp;

रिसाली, २९ नोव्हेंबर १९९३

देवरावांस,

वॉल्वचा अँप्लिफायर बटण दाबताच 'लगेच' वाजत नाही. आधी काचेत तांबूस वाती पेटतात, अर्धं मिनिट तो मुका असतो, मग हळूहळू घसा खाकरतो. आणि तासभर चालला की त्याच्या पाठीवर पापड भाजून निघतो. मी भाजलेला आहे. मे महिन्यात तो चालू असला की तुमचे दादा बनियनवर बसत आणि मी खिडकीशी.

तुम्ही ट्रान्झिस्टर रेडिओ वाजवलात आणि मला वर्णन लिहून पाठवलंत.

जानराव गोंदियाहून आला आहे. माझ्या ओट्यावर बसून त्याने तुमचं पत्र दोनदा ऐकलं. म्हणाला, "हे खोटं हाय बाई. थंडा हाय म्हंजे मेला हाय." मग माझ्यावरच उखडला. "मी येईपावतर थांबाचं होतं ना. मले न विचारता देलाच कावून?" मी त्याला म्हटलं, घरची माणसं होती. तो म्हणाला, "म्हनूनच म्हनतो."

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या एक सिस्टर होत्या. चोरी केली तर एक छडी, चोरी लपवली तर तीन, आणि लपवताना देवाचं नाव घेतलं तर जेवण बंद. तुम्ही दादांचं नाव घेतलंत.

तुमचं पत्र नको. कमलिनीने लिहावं.

वसुंधरा

&nbsp;

नागपूर, ९ डिसेंबर १९९३

ती. मोठी आई, सा. न.

मला वाटलं होतं बाबांनी तुम्हाला सगळं कळवलं असेल. आज तुमचं पत्र त्यांच्या उशीखाली सापडलं, तेव्हा समजलं.

मी १६ नोव्हेंबरला अमरावतीहून आले. घरात जळक्या कागदाचा वास होता आणि अँप्लिफायर चादरीखाली. बाबा म्हणाले, माणूस मिळाला नाही अजून, जोडला नाही. दोन दिवस तेच. मग आईनेच सांगितलं, "अगं, तो गेला."

झालं ते असं. झाकण उघडणारा माणूस दिवाळीनंतर येतो म्हणाला होता. बाबांना मी यायच्या आत तो वाजायला हवा होता. म्हणून त्यांनी कात्रीने टॅग कापला, आणि तुमचं पत्र समोर ठेवून एकेक वायर लावली. जोडणी अगदी बरोबर होती, मी नंतर पाहिली. चालू केल्यावर त्यांनी माझी जुनी गिटार नुसती छेडली. आवाज आला, पण अगदी बारीक, पेटीच्या पोटातून कुणीतरी गुणगुणावं तसा. त्यांना वाटलं, चालतोय, फक्त आवाज कमी आहे. त्यांनी चावी पूर्ण फिरवली. पाच मिनिटं ते तसेच छेडत बसले. मग धूर.

ते म्हणतात, "मी दादाचं काहीतरी चालू करून राहिलो होतो गं, एकदा तरी." ते रडत होते. मोठी आई, बाबा मला खोटं बोलले म्हणून मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही, आणि तुम्हालाही त्यांनी खोटंच लिहिलं. पण हेही खरं आहे.

मी सीताबर्डीच्या एका मेकॅनिकला आणलं. त्याने झाकण उघडलं आणि टॉर्च मारून मला आत दाखवलं. "मॅडम, इसमें स्पीकर ही नहीं है." समोरच्या जाळीच्या कापडामुळे बाहेरून कळत नव्हतं. तो म्हणाला, वॉल्वच्या अँप्लिफायरला स्पीकर नसेल तर सगळी ताकद आतल्या ट्रान्सफॉर्मरवर उलटते. ते गुणगुणणं त्या ट्रान्सफॉर्मरचंच होतं. मोठ्या बाबांनी तो हाताने गुंडाळला होता ना? आता तो कोळसा आहे.

बाबा शपथ घेतात की स्पीकर त्यांनी काढला नाही, आणि हे मला खरं वाटतं. मग तो कुठे आहे? तुम्हाला माहीत होतं का?

कमलिनी

&nbsp;

रिसाली, १४ डिसेंबर १९९३

चि. कमलिनीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही.

मी स्पष्ट लिहिलं होतं, आधी झाकण, मग टॅग. ज्या माणसाने आठ वर्षं कारखान्याचा पगार खाल्ला, त्याने टॅग कात्रीने कापावा, याला अज्ञान म्हणत नाहीत. चूक कुणाची हे लिहून ठेवलेलं आहे, दोन पत्रांत, तारखेनिशी. रडणं ही सोय आहे. तुझ्या वडिलांना ती पहिल्यापासून आहे.

तू कार्यक्रमाकडे लक्ष दे. थंडीत बोटं आखडतात, वाजवण्याआधी कोमट पाण्यात धरत जा.

मोठी आई

&nbsp;

नागपूर, ३० डिसेंबर १९९३

ती. मोठी आई,

कार्यक्रम झाला. डबा सरळ मंडपवाल्याच्या साउंडमध्ये जोडला. आवाज पातळ होता, पत्र्यावर वाजवल्यासारखा. कुणाला कळलं नाही. टाळ्या पडल्या. बाबा मागच्या रांगेत बसले होते आणि शेवटच्या गाण्याआधी उठून गेले.

तुमच्या पत्रात बाबांबद्दल सगळं आहे. मी विचारलं होतं त्याचं उत्तर नाही.

मी तुमची सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. 'आत काय आहे आणि काय नाही ते पाहा.' बाबांनी लिहिलं की पेटी सहज उचलली, त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. तुम्ही तर कुणाचं काही सोडत नाही. वायर कुठे जाते, पिना कशा टक् वाजतात, सगळं लिहिलंत. स्पीकर नाही, हे दोन शब्द लिहिले नाहीत.

मला मोठे बाबा आठवतात. ते टॅग बांधायचे ते कुणाचा तरी हात वाचावा म्हणून.

माहीत होतं का, एवढंच लिहा.

कमलिनी

&nbsp;

रिसाली, ६ जानेवारी १९९४

चि. कमलिनीस, आशीर्वाद.

हो. माहीत होतं.

स्पीकर माझ्या पलंगाखाली होता, चादरीत गुंडाळून. त्याचा कागदी पडदा फाटला म्हणून त्यांनी तो काढून जानरावकडे दिला आणि अँप्लिफायरला टॅग बांधला. ते गेल्यावर जानरावने तो दुरुस्त करून आणून दिला. दोन तारा आणि आठ स्क्रू, अर्ध्या तासाचं काम उरलं होतं. ते मी करवून घेतलं नाही. करवून घेतलं असतं तर काम संपलं असतं.

तुझे वडील आणि तो ड्रायव्हर पेटी उचलत होते तेव्हा मी दारात उभी होते. ती सहज उचलली गेली. मला वाटलं, आता थांबतील, विचारतील. विचारलं नाही. मीही बोलले नाही. म्हटलं, झाकण उघडतील तेव्हा कळेल. मग पत्र येईल, आणि पत्रामागून तू येशील. एवढा मोठा स्पीकर पोस्टात टाकून मागवत नाहीत, माणसाला यावं लागतं. दोन दिवस राहशील. तू आणि जानराव मिळून बसवाल. पहिल्यांदा तो इथे वाजेल, ज्या खोलीत केला त्या खोलीत. एवढं सगळं मी मनाशी धरून ठेवलं होतं. 'ये' हे एक अक्षर लिहिणं मला जमलं नाही. ते गेले त्या वर्षीही जमलं नव्हतं, नाहीतर तुझे वडील कदाचित दुसऱ्यांदाही आले असते.

तुझ्या वडिलांनी मला खोटं लिहिलं, ते कार्यक्रमापुरतं होतं. मी जानरावला तोंडावर खोटं बोलले. ओट्यावर बसून त्याने विचारलं होतं, "स्पीकर तं संगं गेला ना, बाई?" मी म्हटलं, गेला. त्याने मान हलवली आणि चहा घेतला. काल त्याला खरं सांगितलं. तो उठला, चप्पल घातली, आणि कप अर्धा ठेवून गेला. तो माणूस चोवीस वर्षं यांच्या हाताखाली होता.

देवरावांना मी जे लिहिलं त्यातलं टॅगबद्दलचं मागे घेत नाही. दवाखान्याबद्दलचंही नाही. बाकीचं त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. मला ते सांगता येणार नाही.

जळलेला ट्रान्सफॉर्मर फेकू देऊ नकोस. कुणी तो पुन्हा गुंडाळू शकला तर किती वेढे होते ते मोजायला लागेल. यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही, मी सगळ्या वह्या पाहिल्या.

स्पीकर आज दुर्ग स्टेशनवर पार्सलात दिला. खोका जुनवानीच्या सुताराकडून करून घेतला, आत कापूस भरला आहे. पावती सोबत जोडली आहे. नागपूरच्या पार्सल ऑफिसात दाखवलीस की मिळेल. तुला इकडे यायची गरज नाही.

मोठी आई